देवमाशाची काठी आणि अडकलेला घास

"डॉक्टर, घास खाली उतरतच नाही हो." काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. भाकरी छातीत अडकायची, पाणीसुद्धा अडायचं. रात्री आडवं झालं की जेवलेलं तसंच्या तसं उशीवर यायचं. घरचे म्हणत, ती टेन्शन फार घेते. खरं सांगायचं तर मीही पहिले दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्याच लिहून दिल्या. वजन चांगलंच उतरलं तेव्हा माझे डोळे उघडले. त्यांच्या आजाराचं वर्णन तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

ते लिहिलं इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी, १६७४च्या सुमारास. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं त्याला आजही त्यांचं नाव आहे. त्यांच्याकडे आलेला माणूस एरवी धडधाकट होता, पण खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. अन्न गळ्यापर्यंत साचायचं आणि जठरात न जाता कच्चंच बाहेर यायचं. औषधं हरली, उपासमारीने माणूस मरणाच्या दारात पोचला. मग विलिस यांनी देवमाशाच्या 'हाडाची' लवचिक काठी घेतली आणि टोकाला स्पंजचा गोळा बसवला. (नावाला हाड, खरं तर ती देवमाशाच्या तोंडातली, आपल्या नखांसारख्या पदार्थाची पट्टी असते.) जेवण झालं की त्या माणसाने ती काठी स्वतःच घशातून आत सारायची आणि अडकलेलं अन्न जठरात ढकलायचं. रोज! असं त्याने पंधरा वर्षं केलं आणि विलिस यांनी हे लिहिलं तेव्हाही तो ठणठणीत होता.

मला नवल काठीचं वाटत नाही. आत डोकावण्याचं कुठलंही साधन नसताना, जठराचं तोंडच उघडत नाही हे विलिस यांनी केवळ रुग्णाचं ऐकून ताडलं, याचं वाटतं.

आत पाहायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं लागली. १८६८मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला ॲडोल्फ कुसमाऊल यांनी सरळ धातूची नळी जठरापर्यंत घातली. कोणाच्या? तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्याच्या! नळी गेली, पण उजेड पुरला नाही. १८९५च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला आणि वर्षभरात हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी वॉल्टर कॅनन बिस्मथ मिसळलेलं अन्न प्राण्यांना भरवून ते कसं उतरतं ते पाहू लागला. त्यात एक हंस होता. मान लांब, म्हणून घासाचा प्रवास छान दिसायचा. आज आपण करतो ती बेरियमची तपासणी याच कल्पनेवर चालते.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक झडप असते. घास आला की ती सैल व्हायला हवी. या आजारात तिथल्या नसा निकामी होतात, झडप सैल पडत नाही आणि अन्ननलिकेची लाटेसारखी हालचालही बंद पडते. आधी या आजाराला पेटका समजत. पुढे लंडनचे आर्थर हर्स्ट यांनी 'अकॅलेशिया', म्हणजे सैल न पडणं, हे नाव रूढ केलं. १९१३मध्ये लाइपझिगच्या अर्न्स्ट हेलर यांनी पोट उघडून या झडपेचा स्नायू कापला. ती शस्त्रक्रिया थोड्या बदलाने, आता दुर्बिणीतून, आजही होते. २००८मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे एंडोस्कोप घालून आतूनच स्नायू कापायला सुरुवात केली.

घास अडकण्याचं कारण प्रत्येक वेळी हेच असेल असं मात्र नाही. म्हणून मी आता पहिल्यांदा विचारतो, सुरुवातीला काय अडलं? आधी पोळी, मग भात, मग पेज असं वाढत गेलं असेल आणि वजन उतरत असेल, तर कर्करोगाची शंका मनात ठेवून एंडोस्कोपी लगेच करावी लागते. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये. पहिल्यापासून पातळही अडत असेल तर अकॅलेशिया आठवावा. त्यातही एंडोस्कोपी आधी, मग बेरियम आणि अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी.

आणि गिळताक्षणीच ठसका लागत असेल तर दोष बहुधा घशात असतो. पक्षाघातानंतर हे फार दिसतं. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. घशातलं हे गिळणं एक्स-रेच्या पडद्यावर तपासायची पद्धत अमेरिकेत जेरी लोगमन यांनी १९८०च्या दशकात रुजवली. एरवी बोलायला शिकवणारे स्पीच थेरपिस्ट गिळायलाही शिकवतात, हे आपल्याकडे अजून अनेकांना ठाऊक नसतं. अशा रुग्णाला आडवं ठेवून घाईघाईने पाणी पाजू नका. ताठ बसवा आणि आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

त्या बाईंची झडप तोंडावाटेच कापली गेली. आता त्या भाकरी खातात, सावकाश आणि घोटघोट पाणी घेत. तपासणीला आल्या की हसून विचारतात, "काय डॉक्टर, आज ॲसिडिटीची गोळी नाही का?"