नाण्यांची गुणपडताळणी

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नाही. न्यू जर्सीला काकूकडे होतो आणि तिथे तीन आठवडे डोक्यात नाण्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

काका जाऊन दीड वर्ष झालं. काकू आता मोठं घर विकून लहान अपार्टमेंटमध्ये चाललीय. पुस्तकं, भांडी, फर्निचर सगळ्याची वाटणी तिने धडाधड उरकली, पण काकांच्या कपाटातल्या निळ्या खोक्यापाशी गाडं अडलं. खोक्यात २३ मॉर्गन डॉलर. प्रत्येक नाणं पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद, वर लेबल, लेबलवर आकडा: एमएस ६३, एमएस ६४. सगळी १९८८-८९ मध्ये घेतलेली. नाण्यांचा एक दुकानदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, "विकण्याआधी पुन्हा ग्रेडिंग करून घ्या. तेव्हा हात आखडून मार्क द्यायचे. तेव्हाचा ६४ म्हणजे आजचा ६५."

काकू मला म्हणाली, "तू इतिहासवाला ना? मग सांग, करायचं की नाही?" (इतिहासवाला म्हणजे मी रविवारी किल्ले हिंडतो आणि इथे लिहितो, एवढंच. पण नातेवाइकांत पदवी पटकन मिळते.)

दहावीच्या निकालानंतर पेपर पुन्हा तपासायला देतात ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे एका मार्काने किंमत दुप्पट-चौपट होऊ शकते. आणि मार्क कमीही होऊ शकतात!

खोक्यासोबत काकांची वही निघाली. प्रत्येक नाण्यापुढे कंपनीचा आकडा आणि शेजारी लाल शाईत काकांचा स्वतःचा. २३ पैकी १९ ठिकाणी काकांचे मार्क जास्त. १८९० सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या डॉलरपुढे तर '६५!!' आणि खाली दोन रेघा. इतकी खात्री होती तर तीस वर्षांत एकदाही त्यांनी ते परत का पाठवलं नाही, हे काकूलाही माहीत नव्हतं.

मग मी रात्री जागून वाचत बसलो. पहिला प्रश्न, मार्क ७० पैकी का? १०० पैकी का नाहीत? याला कारण विल्यम शेल्डन नावाचा एक मानसशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये त्याने अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात ही पट्टी दिली. गंमत म्हणजे तिचा हिशोब पैशांवरून बसवलेला होता. १७९४ सालचा कसाबसा ओळखू येणारा सेंट १ डॉलरचा, तर उत्तमातला उत्तम ७० डॉलरचा. म्हणून पट्टी १ ते ७०. त्या प्रकारच्या नाण्याची मूळ किंमत घ्यायची, दर्जाच्या आकड्याने गुणायची, की झाला भाव. काही वर्षांत बाजार बदलला आणि ते गणित कोलमडलं, पण आकडे राहिले. पुढे १९७० च्या दशकात ते अमेरिकेच्या सगळ्याच नाण्यांना चिकटले.

हाच शेल्डन माणसांच्या शरीरांनाही मार्क द्यायचा! गोलमटोल, पिळदार, सडपातळ असे तीन घटक, प्रत्येकाला १ ते ७. शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखता येतो, असा त्याचा दावा. त्यासाठी नामवंत महाविद्यालयांतल्या मुलामुलींचे विवस्त्र फोटो वापरले गेले. ते शास्त्र आता मोडीत निघालंय. नाण्यांची पट्टी मात्र जगभर चालते. आणि कळस पुढेच आहे. १९७७ मध्ये तो वारला. त्यानंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले शंभराहून जास्त सेंट त्याने लांबवले होते, आणि त्या जागी त्याच प्रकारची, पण खालच्या दर्जाची आपली नाणी ठेवली होती. ज्याने दर्जाची पट्टी दिली त्यानेच दर्जाची अदलाबदल केली. काकूला हे सांगितल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आणि आपण याच्या आकड्यांवर घर चालवायचं?"

पूर्वी विकणाराच दर्जा ठरवायचा, म्हणजे घेताना ६० आणि विकताना ६५. यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. नाणं कोणाचं हे तपासणाऱ्याला माहीत नाही, दोघा-तिघांनी बघायचं, आकडा ठरला की डबीत सीलबंद. भरवसा आला तसा पैसाही आला. गुंतवणूकदार उतरले, १९८९ मध्ये भाव आकाशाला भिडले आणि १९९० मध्ये आपटले. काकांनी नेमकी त्याच तेजीत खरेदी केली होती. (हे काकूला सांगितलं नाही. आता इथे वाचेल.)

पण डबी फोडता येते. ६४ पटला नाही तर फोडा, पुन्हा पाठवा, पुन्हा फोडा. माणसाची नजर ती, एखाद्या दिवशी ६५ मिळतातच. ६५ मिळाले की कोणी परत पाठवत नाही, त्यामुळे सरासरी हळूहळू वरच सरकते. जुनी लेबलं परत केली नाहीत तर एकच नाणं कंपनीच्या मोजणीत तीन-चार वेळा धरलं जातं. दुकानदाराचं म्हणणं इथवर बरोबर होतं. पण म्हणूनच बाजारात जुन्या डब्यांत उरलेली नाणी बहुधा चाळून उरलेली असतात, ज्यांत वाढण्याजोगं काही होतं ती कधीच फोडली गेली. काकांची कपाटातून बाहेरच आली नव्हती, ही आमची जमेची बाजू.

दुसरी गोष्ट दुकानदाराने सांगितली नाही. काकांच्या डब्या पहिल्या पिढीच्या आहेत. आत नाणं खुळखुळतं, म्हणून त्यांना 'रॅटलर'च म्हणतात. आता लोक या डब्यांसाठीच जास्त पैसे मोजतात. फोडली की ते गेलं.

वहीच्या शेवटच्या पानावर चिकटपट्टीने लावलेलं चोविसावं नाणं होतं. १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया, काका पहिल्यांदा निघाले तेव्हा आजीने हातावर ठेवलेला. खाली काकांनी लिहिलंय, 'हाही बहुधा मॉर्गनच.' मला वाटलं थट्टा असेल, पण नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची इतकी टंचाई झाली की १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. लोकांचा कागदावर भरवसा नव्हता, नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांची गर्दी व्हायला लागली. तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि तिजोरीतले २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने विकत घेऊन इकडे पाठवली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत तिचे रुपये झाले. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून मॉर्गन किती पाडले हे माहीत असतं, उरले किती हे नाही. उरलेले हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत दशकानुदशकं एकमेकांवर आपटत पडले. कधीही न वापरलेल्या नाण्यावरही ओरखडे असतात ते त्यामुळे. मार्क त्याचेच कापतात.

असो. निर्णयाकडे येतो. २३ पैकी २२ नाणी सॅन फ्रान्सिस्कोची, १८८० ते १८८२ ची. छान ठसा, पण भरपूर मिळतात. एक मार्क वाढला तरी फी, टपाल आणि विमा जाऊन हातात फारसं उरत नाही, वर डबी जाते. ती आहेत तशीच विकायची.

उरला १८९० चा, दोन रेघांवाला. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा ठसा बऱ्याचदा उथळ, कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट. म्हणून तिथला ६५ दुर्मीळ, आणि ६४ ते ६५ मध्ये किंमत कित्येक पटींनी वाढते. काकांच्या नाण्यावर केस स्पष्ट दिसत होते. भिंग घेऊन बघितलं तर गालावर दोन बारीक ओरखडेही दिसले. काकू म्हणाली, "फोड. यांचं म्हणणं काय होतं ते तरी कळेल." माझा जीव होईना. फोडल्यावर ६३ आला तर? आणि पूर्वी कोणी पुसलंबिसलं असल्याची शंका आली तर आकडाच मिळत नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. २००७ पासून सीएसी नावाची संस्था डबी न फोडता नाणं तपासते. दिलेला दर्जा भक्कम वाटला तर हिरवी चिकटी लावते, दर्जा कमी दिलाय असं वाटलं तर सोनेरी, नाहीतर काहीच नाही. डबी शाबूत राहते. दुसऱ्या एका दुकानदारामार्फत पाठवलं आणि मी पुण्याला परतलो.

गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला फोन. (इतकी वर्षं तिकडे राहून काकूला वेळेचा फरक अजून जमत नाही.)

"हिरवी आली रे."

"म्हणजे ६४ पक्का. चांगला आहे, भाव नक्की वाढेल."

"चांगला, पण चौसष्टच ना? म्हणजे कंपनी बरोबर आणि हे चूक." आणि मग ती बराच वेळ हसत राहिली. "असते तर म्हणाले असते, त्या चिकटीवाल्यालाच काही कळत नाही."

बावीस विकली गेली. हिरव्या चिकटीचं अजून तिच्याकडेच आहे. विचारलं तर म्हणते, बघू. रुपया मी घेऊन आलोय, वहीसकट.