थाळी आधी उलटी करा

जुन्या अमेरिकी वस्तूंच्या बाजारात ही थाळी हमखास भेटते. दहा इंची, सोनेरी वेलबुट्टीचा काठ, मध्ये मोकळ्या केसांची तरुणी. लांबून चिनीमातीची वाटते. हातात घेतली की नुसता पत्रा! मागे छापलेलं असतं 'व्हिएन्ना आर्ट'. व्हिएन्नाशी नातं एवढंच, की तिथल्या राजेशाही कारखान्याच्या चित्रबश्यांची ही नक्कल; आणि तो कारखाना तर १८६४ मध्येच बंद पडलेला. थाळीचं खरं माहेर म्हणजे ओहायोतलं कोशॉक्टन हे छोटंसं गाव.

तिथल्या जॅस्पर मीक या वर्तमानपत्रवाल्याचा छापखाना अधूनमधून रिकामा राहायचा. १८८०च्या दशकात त्याने शाळकरी पोरांच्या तागाच्या दप्तरांवर एका जोड्यांच्या दुकानाचं नाव छापलं. फुकटच्या दप्तरांसोबत जाहिरात गावभर हिंडली. गावातलाच दुसरा वर्तमानपत्रवाला हेन्री बीच स्पर्धेत उतरला. १९०१ मध्ये दोघे भागीदार झाले, आणि लवकरच बिनसलंही.

तोवर पत्र्यावर छापणं जमू लागलं होतं. शिळाछापाचा दगडही कठीण आणि पत्राही कठीण, त्यामुळे शाई नीट उतरत नसे. १८७५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट बार्क्लेने मध्ये पुठ्ठ्याचा रूळ घातला आणि ती अडचण सुटली. मुंबईत १८९४ पासून रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती छापल्या गेल्या, त्याही शिळाछापावरच, फक्त कागदावर.

अशा छापील थाळ्यांचे बीअर कारखाने मोठे गिऱ्हाईक. चित्र तेच, नाव ज्याचं त्याचं. एकच सुंदरी अनेक बीअरवाल्यांच्या पदरी. काही थाळ्यांवर पुढे जाहिरातीचं अक्षरही नसे. अनहॉयझर-बुश या बीअर कंपनीच्या 'माल्ट-न्यूट्रीन' या टॉनिकचं नाव मागच्या बाजूला. मला ही चलाखी फार आवडते: घरात कुणी दारूवाल्याची जाहिरात टांगणार नाही, पण शोभेची बशी टांगेल.

म्हणून थाळी आधी उलटी करा. पेटंटची तारीख २१ फेब्रुवारी १९०५ आणि 'बीच, कोशॉक्टन' असं सापडलं तर जीव भांड्यात पडतो. पण नकली मालावर तेही छापता येतं. मग भिंग लावा. जुन्या छपाईत ठिपके हाताने टिपलेले, वेडेवाकडे. आजच्या नकलेत कवायतीसारखे रांगेत. १७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत दारूबंदी आली, त्याआधीच्या मालाला संग्राहक 'प्री-प्रो' म्हणतात आणि त्यालाच खरा भाव. गंजाला भुलू नका, तो मुद्दाम चढवता येतो. आणि पत्त्यात झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, दिसला, तर थाळी गुपचूप खाली ठेवा. तो अमेरिकेत आलाच १९६३ मध्ये.