शबनिम इस्माईल : एका द्रुतगती गोलंदाजाची कारकीर्द

केप टाउनचे न्यूलँड्स हे टेबल माउंटनच्या सान्निध्यातील क्रीडांगण जगातील अत्यंत रमणीय मैदानांत गणले जाते. परंतु वर्णभेदाचा अंमल होता त्या काळी याच मैदानावर गौरेतर प्रेक्षकांना ‘पिंजरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निराळ्या कोपऱ्यात बसावे लागे, आणि देशाच्या संघातून खेळण्याची सनद तर केवळ गोऱ्यांपाशीच होती. १९६० च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या स्त्रियांनी पोर्ट एलिझाबेथ येथे इंग्लंडशी आपला पहिला कसोटी सामना खेळला, तो संघही गोऱ्यांचाच होता. पुढे १९७२ नंतर जगाने त्या राजवटीवर जो बहिष्कार घातला, त्यामुळे १९९७ पर्यंत त्यांना आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे दर्शनही झाले नाही.

स्त्रियांचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतून जेमतेम दहा वर्षे लोटली, तोच त्याच केप टाउनच्या क्रेव्हनबी उपनगरातील एका मुस्लिम घरातली अठरा वर्षांची शबनिम इस्माईल जानेवारी २००७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध देशाच्या वतीने गोलंदाजीस उतरली. बेताच्या उंचीच्या या मुलीच्या चेंडूला जो वेग होता, त्यापुढे भल्याभल्या फलंदाजांची बॅट उशिरा खाली येत असे. मात्र या खेळावर उदरनिर्वाह चालावा अशी तेव्हा स्थिती नव्हती. स्त्री खेळाडूंना मंडळाकडून वेतनाचे करार मिळू लागले ते २०१३ च्या सुमारास, म्हणजे तिच्या उमेदीची कित्येक वर्षे उलटून गेल्यावर.

या कारकिर्दीतला एकच दिवस निवडावयाचा झाल्यास मी २४ फेब्रुवारी २०२३ हा निवडीन. न्यूलँड्सवर वीस षटकांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर इंग्लंड, जिंकण्यासाठी त्यांना १६५ धावा हव्या. अशा वेळी शबनिमने एकाच षटकात डंकली आणि कॅप्सी या दोघींना परत धाडले, आणि त्यांपैकी कॅप्सीचा झेल टॅझमिन ब्रिट्सने झेपावून असा काही टिपला की प्रेक्षागारात एकच जल्लोष झाला. त्याच सामन्यात तिचा एक चेंडू ताशी १२८ किलोमीटर वेगाने गेला. शेवटच्या षटकात तेरा धावा उरल्या असता चेंडू पुन्हा तिच्याच हाती आला. तिने कर्णधार हेदर नाईटचा त्रिफळा उडविला आणि दक्षिण आफ्रिका सहा धावांनी जिंकली. पुरुषांच्या संघालाही जे तोवर साधले नव्हते, ते विश्वचषकाच्या अंतिम फेरीचे दार या स्त्रियांनी उघडले. दोन दिवसांनी ऑस्ट्रेलियाकडून १९ धावांनी पराभव झाला, तरी पूर्वी जेथे पिंजरा होता त्याच मैदानावर त्या दिवशी सर्व वर्णांचे प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते, हे इतिहासाच्या दृष्टीने निकालाहून मोठे आहे असे मला निश्चितपणे वाटते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती पत्करली; पण वेग मात्र निवृत्त झाला नाही. ५ मार्च २०२४ रोजी दिल्लीत, लीग क्रिकेटमध्ये मुंबईच्या संघाकडून खेळताना, तिने मेग लॅनिंगला टाकलेला चेंडू ताशी १३२.१ किलोमीटर वेगाचा भरला. तो पॅडवर आदळला, पायचीतचे अपील झाले, पंचांनी ते फेटाळले. बळी मिळाला नाही, परंतु स्त्रियांच्या क्रिकेटमध्ये ताशी १३० किलोमीटरची मर्यादा ओलांडलेला तो पहिलाच नोंदलेला चेंडू ठरला.

तिच्या नावावर २४१ आंतरराष्ट्रीय सामने आणि ३१७ बळी आहेत: एकदिवसीय सामन्यांत १९१, वीस षटकांच्या सामन्यांत १२३, आणि कसोटीत केवळ तीन. ते तीनही नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हैसूर येथे भारताविरुद्ध झालेल्या एकमेव कसोटीतले; त्यानंतर तिच्या देशाच्या स्त्रियांच्या वाट्याला साडेसात वर्षे दुसरी कसोटी आलीच नाही. ज्या गोलंदाजाचा नवा चेंडू सकाळच्या पहिल्या तासात कसा चालतो हे पाहावयास जगाने मैलोगणती यावे, तिला सोळा वर्षांत पाच दिवसांची फुरसत एकदाही मिळू नये, एक चार दिवसांचा सामना तेवढा मिळावा, याचा जबाब क्रिकेटच्या नियामक मंडळांकडे मागितला पाहिजे.