गांधीलमाश्यांचा उन्हाळी वावर : भाट्ये (रत्नागिरी)

गांधीलमाश्यांचा उन्हाळी वावर : उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, चैत्र-वैशाखापासून मृगाच्या पावसापर्यंत, कोकण किनाऱ्यावरच्या घरांच्या वळचणीला, विहिरीवर आणि खळ्यात गांधीलमाश्यांची ये-जा वाढलेली दिसते. भाट्ये येथील नारळबागा व त्यांतली कौलारू घरे हे या वावराचे चांगले उदाहरण आहे. तो वाढण्याचे मुख्य कारण माश्यांची अचानक होणारी पैदास हे नाही. पाणी, गोड रस, भक्ष्य व आडोसा या चारही गोष्टी त्या काळात माणसाच्या घराभोवतीच एकवटतात, म्हणून माश्याही तेथे येतात.

स्थान व ऋतुमान : काजळी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, त्या खाडीच्या दक्षिण काठावर भाट्ये गाव आहे. रत्नागिरी शहराशी ते खाडीपुलाने जोडलेले आहे. किनाऱ्याला वाळूची पुळण व सुरूचे बन, त्यामागे माडांच्या बागा आणि वर जांभ्या दगडाचा सडा, अशी येथील भूरचना. प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून येथे आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत सड्यावरचे गवत वाळून जाते, पऱ्हे आटतात आणि हिरवळ उरते ती शिंपण्याच्या बागेत व परसात. थंडी अशी फारशी पडतच नाही. गांधीलमाशीच्या येथील वागण्याचा उलगडा बराचसा या दोन गोष्टींतून होतो.

जाती : गांधीलमाश्या हायमेनॉप्टेरा गणातील व्हेस्पिडी कुलात मोडतात. घराच्या आढ्याला, वाशाला किंवा खिडकीच्या चौकटीला तपकिरी, उघडे, कागदी पोळे लटकलेले दिसते ते बहुधा *रोपॅलिडिया* किंवा *पॉलिस्टिस* या प्रजातींचे असते. *रोपॅलिडिया मार्जिनॅटा* ही दक्षिण भारतात सर्वत्र आढळणारी, तांबूस-तपकिरी रंगाची, लहान चणीची जाती. *पॉलिस्टिस* अंगाने मोठी, लांब पायांची. तिच्या काही जाती पिवळ्या असतात. याच कुलातील *व्हेस्पा ट्रॉपिका* व *व्हेस्पा ॲफिनिस* या काळपट, पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या माश्या. त्यांची पोळी चहूबाजूंनी कागदी आवरणात बंद असतात. *ट्रॉपिका* पोळ्यासाठी बहुधा जमिनीतील किंवा झाडातील पोकळी शोधते, तर *ॲफिनिस*चे फुगीर पोळे झाडाच्या फांदीला किंवा छपराखाली लटकलेले असते. भिंतीवर चिखलाची घरटी लिंपणाऱ्या कुंभारमाश्या मात्र एकेकट्या राहतात. त्यांना राखण्यासाठी वसाहत नसते, त्यामुळे त्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत.

पोळे व जीवनक्रम : वाळकी काठी, कुंपणाचे जुने लाकूड, उन्हापावसाने खरबरीत झालेली फळी यांचे तंतू खरवडून, लाळेत मळून माशी कागद तयार करते. एका बारीक देठावर षट्‌कोनी घरे रचली जातात. मुंग्या चढू नयेत म्हणून माद्या देठाला पोटातील ग्रंथीचा स्राव फासतात. अंडे, अळी, कोश व प्रौढ अशा चार अवस्था असतात. अळ्यांना मांस लागते, म्हणून माद्या सुरवंट व इतर किडे पकडून, त्यांचा चावून केलेला गोळा अळ्यांना भरवतात. प्रौढ माशीची कंबर इतकी बारीक असते की घन अन्न तिच्या पोटात उतरत नाही. ती फुलांतला मध, फळांचा रस आणि अळ्यांच्या तोंडून मिळणारी पौष्टिक लाळ यांवर जगते. नराला नांगी नसते.

*रोपॅलिडिया मार्जिनॅटा*चा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके केला. या जातीवरचा गदगकरांचा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या जातीत राणी व कामकरी यांच्या बाह्यरूपात फरक नसतो आणि राणी स्वभावाने शांत असते. राणी नाहीशी झाली की कामकऱ्यांपैकी एक मादी एकाएकी आक्रमक होते आणि काही दिवसांत तीच नवी राणी बनते. घरातील माणसांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की या जातीची नवी पोळी वर्षातल्या कोणत्याही महिन्यात सुरू होतात. कधी एकटी मादी पोळे सुरू करते, कधी अनेक जणी मिळून. जुने पोळे मोडले तर त्यावरच्या माद्या जवळपास दुसरे बांधू शकतात.

समशीतोष्ण प्रदेशाशी तुलना : युरोप-अमेरिकेत उन्हाळा सरताना माश्या वाढतात हे सर्वपरिचित आहे, पण तेथील कारण वेगळे. तेथील *व्हेस्प्युला* माश्यांची राणी एकटीच हिवाळा काढते आणि वसंतात वसाहत सुरू करते. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्या वसाहतीत हजारो कामकरी होतात. त्या सुमारास वाढवायच्या अळ्या कमी होतात, त्यांच्याकडून मिळणारी लाळही घटते आणि कामकरी माश्या गोडाच्या शोधात माणसांच्या ताटांभोवती येतात. थंडी पडताच वसाहत मरते. भाट्यात वसाहत संपवणारी थंडीच नाही. येथे लहान-मोठ्या वसाहती बारमाही असतात. ऋतूप्रमाणे बदलते ती त्यांची चाऱ्या-पाण्याची जागा.

घराजवळ वावर वाढण्याची कारणे : पहिले कारण पाणी. पोळे तापले की माद्या पाण्याचे थेंब आणून घरांवर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. बाष्पीभवनाने पोळे थंड होते. कागद मळायलाही पाणी लागते. मे महिन्यात ओलावा राहतो तो विहिरीच्या काठावर, डोणीत, न्हाणीच्या पाटात आणि माडाच्या आळ्यांत. कुंभारमाश्यांना लिंपायला लागणारा ओला चिखलही तेथेच मिळतो.

दुसरे कारण गोड रस. काजूची बोंडे, झाडाखाली फुटून पडलेले आंबे, आढीतून बाजूला काढलेले डागी फळ, बरक्या फणसाचे गरे अशी रेलचेल याच काळात असते. त्यात घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. आंबापोळी व फणसपोळीची ताटे खळ्यात वाळत पडतात. रातांबे फोडून त्यांची साले सरबतासाठी साखरेत मुरवून उन्हात ठेवली जातात. साखरेच्या या बरण्यांवर व ताटांवर माश्या हमखास येतात. फळ आंबू लागले की त्याचा वास आणखी दूरवर पोचतो.

तिसरे कारण भक्ष्य. सडा वाळल्यावर सुरवंट व किडे उरतात ते शिंपलेल्या परसबागेत आणि माडांवर. त्यांच्या मागोमाग शिकारी माश्याही तेथे येतात.

चौथे कारण आडोसा. ऊन व पाऊस लागणार नाही, वारा कमी येईल आणि देठ घट्ट चिकटेल अशी जागा पोळ्याला लागते. कौलारू घराची वळचण, पडवीचे वासे, गोठा व मांगर यांत ती सहज मिळते. *व्हेस्पा ट्रॉपिका* ही लहान गांधीलमाश्यांची मोठी शत्रू. पोळ्यावर चाल करून ती अळ्या व कोश फस्त करते आणि मूळ रहिवाशांना वाचण्यासाठी पोळे सोडून पळावे लागते. त्यामुळे कधी कधी एका घरावरच्या माश्या उठून शेजारच्या आडोशाला गेलेल्या दिसतात.

या चार कारणांना माणसाच्या कामाची जोड मिळते. पावसाच्या तोंडावर छपराची शाकारणी होते, कौले चाळली जातात, माळा झाडला जातो आणि जळाऊ लाकडांची रास हलते. वर्षभर डोळ्याआड असलेली पोळी त्या वेळी हाताशी येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस माश्या ‘फार झाल्या’ असे वाटते त्यामागे हेही एक कारण आहे.

उपयुक्तता : सुरवंट व इतर किडी मारून गांधीलमाश्या बागायतदाराचे काम हलके करतात. याच गणातल्या काही अगदी लहान, माणसाला निरुपद्रवी माश्या नारळाच्या काळ्या डोक्याच्या अळीवर जगतात. *गोनिओझस नेफँटिडिस* व *ब्रॅकॉन ब्रेव्हिकॉर्निस* या अशा दोन जाती प्रयोगशाळेत वाढवून नारळबागांत सोडल्या जातात. माडाची पाने खरवडून खाणाऱ्या या अळीचा उपद्रव उन्हाळ्यातच जास्त असतो. म्हणून त्या दिवसांत बागेत सरसकट कीटकनाशक फवारले तर किडीबरोबर तिचे शत्रूही मरतात.

दंश व उपचार : चाऱ्यासाठी फिरणारी माशी सहसा डंख मारत नाही, पोळ्याला धक्का लागला तर मात्र मारते. मधमाशीच्या नांगीला आकडे असतात आणि ती कातडीत अडकून राहते. गांधीलमाशीची नांगी तशी अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. विषाने जागा लाल होते, सुजते व ठणकते. ती साबणाने धुऊन बर्फाने शेकावी. हातातील अंगठी वा बांगडी सूज चढण्यापूर्वी काढावी. चुना लावणे किंवा लोखंड घासणे यांनी कातडीखाली गेलेले विष उतरत नाही. दम लागणे, घसा किंवा ओठ सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. त्यावर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच तातडीचा इलाज असल्याने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून ताबडतोब रुग्णालय गाठावे. *व्हेस्पा*चे एकदम अनेक डंख बसले तर ॲलर्जी नसलेल्यांच्याही मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा रुग्णाला घरी ठेवू नये.

बंदोबस्त : पोळे लहान असताना, त्यावर एक-दोनच माद्या असताना ते काढणे सोपे व सुरक्षित असते. म्हणून वळचण वर्षभर अधूनमधून आणि शाकारणीआधी नक्की तपासावी. पडलेली फळे रोज गोळा करून पुरावीत. वाळवणावर मलमलीचे कापड घालावे, बरण्यांची तोंडे बांधावीत. ओटीपासून दूर, सावलीत पाण्याचे उथळ भांडे ठेवल्यास न्हाणीवरची गर्दी कमी होण्यास मदत होते. पेटता पलिता लावून पोळे जाळू नये. लाकडी छप्पर व वाळकी झापे पेट घेतात आणि चवताळलेल्या माश्या खालच्या माणसांवर येतात. *व्हेस्पा*चे बंद पोळे घरालगत असेल तर ते जाणकार माणसाकडूनच काढून घ्यावे. माणसांचा वावर नसलेल्या माडावर किंवा बांधाकडेला असलेले पोळे तसेच राहू देणे बागेच्या हिताचे असते.