पालवणकर बाळू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

पालवणकर बाळू यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन बहुधा बळींच्या संख्येवरून केले जाते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या गोलंदाजाने ११४ बळी मिळविले, हे खरेच. परंतु हिंदू संघाने त्यांस कर्णधारपद का दिले नाही, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या अधिक महत्त्वाचा ठरतो.

चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदानाची निगा राखीत. तेथे ग्रेग या इंग्रज फलंदाजास सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडली. पुढे पुण्यातील हिंदूंनी त्यांना संघात घेतले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांवर मिळविलेल्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. तरीही नेतृत्व उच्चवर्णीयांकडेच राहिले. ते मोलाने खेळत म्हणून, असे म्हणावे, तर त्याच सुमारास, १९०५ मध्ये, लंडनच्या चेल्सी फुटबॉल संघाने खाणकामगारांतून आलेल्या विल्यम फोक या धंदेवाईक गोलरक्षकास कर्णधार केले होते. मुंबईतील अडसर वेतनाचा नव्हता, जातीचा होता.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळू यांस वगळले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. तडजोड होऊन अंतिम सामन्यास बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये कर्णधारपद पालवणकरांच्या घरी आले, पण ते विठ्ठल यांच्याकडे. बाळूंचा खेळण्याचा काळ तोवर सरला होता.