वाऱ्यामुळे घडलेली शेगडी

शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरात आम्ही राहायला आलो, त्याच्या पहिल्याच जानेवारीत शेजारचे आजोबा फावड्याने बर्फ ओढताना दिसले. गाडीसाठी वाट करत असतील असं वाटलं. पण ती वाट स्वयंपाकघराच्या दारापासून निघाली आणि मागच्या अंगणातल्या काळ्या गोल शेगडीपाशी येऊन थांबली. बाहेर उणे बारा. आजोबांनी शेगडीवरचा वीतभर बर्फ झाडला, कोळसे फुलवले, वर अख्खी कोंबडी ठेवली, झाकण लावलं आणि ते घरात निघून गेले. तासाभराने पाहिलं तर सगळं अंगण पांढरं आणि मधोमध ते झाकण तेवढं काळंभोर. मी अलिबागकडचा. मला एकदम आमच्याकडची, शेतावर मडक्यात भाजायची पोपटीच आठवली.

थंडीत उघड्यावर मांस भाजणं हा अंगातली रग दाखवायचा प्रकार आहे, असं इथे नव्याने आलेल्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्या गोल शेगडीची गोष्ट कळली आणि माझं मत पालटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोभोवती घरं वाढली, घरामागे अंगणं आली, आणि अंगणात भाजायच्या शेगड्या आल्या. त्या असायच्या उथळ परातीसारख्या, वरून उघड्या. मिशिगन सरोवराच्या या मुलखात वारा सुटला की राख उडून अन्नावर बसायची, एक बाजू करपायची आणि दुसरी कच्ची राहायची. जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ याला वैतागला होता. बारा लेकरांचा बाप, म्हणजे एका वेळचं भाजणंही थोडंथोडकं नव्हे. तो शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात कामाला होता. पाण्यावर तरंगणारे बोये तिथे बनत. धातूचे दोन अर्धगोल जोडले की झाला बोया. 1952 साली त्याने हेच अर्धगोल घेतले. खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ बसवली. झाकण लावल्यावर विस्तव विझायला लागला, तेव्हा कुणा शेजाऱ्याने झाकणाला भोकं पाडायला सुचवलं, असं सांगतात. पुढे रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तर लोक या शेगडीलाही स्पुटनिक म्हणू लागले.

भोकं पाडायचं सुचलं नसतं, तर ती नुसती पेटी राहिली असती. खालच्या भोकातून हवा आत येते, निखाऱ्याला लागते, तापते, झाकणाला वळसा घालून वरच्या भोकातून निघते. भोकं लहानमोठी केली की विस्तव मंद किंवा तेज. बर्फात पत्र्यातून उष्णता सारखी निसटते, म्हणून कोळसा जास्त लागतो, वेळही जास्त. आणि झाकण सारखं उघडून बघायचं नाही. आजोबांनी मला हे तीनदा बजावलं होतं. चौथी गोष्ट त्यांनी दम देऊन सांगितली: कितीही गारठा असो, शेगडी गॅरेजमध्ये न्यायची नाही. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं झोपेत जातात.

कोळशाचीही एक हकिकत आहे. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत लाकूड बरंच लागायचं. उत्तर मिशिगनच्या जंगलात त्याची लाकूडगिरणी होती, तिथे तुकडे आणि भुसा यांचे ढीग साचत. 1920 नंतर त्याने तिथेच कोळसा पाडून त्याच्या उशीच्या आकाराच्या वड्या करायला सुरुवात केली. त्या फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडेही मिळत. जंगलाची जमीन मिळवून देणारा एडवर्ड किंग्सफोर्ड हा फोर्डच्या चुलत बहिणीचा नवरा. 1951 मध्ये कारखाना विकला गेल्यावर कोळशाला त्याचं नाव मिळालं. दुसऱ्याच वर्षी स्टीफनने बोया कापला.

आमच्याकडे रायगडात, पोपटीत, हे झाकायचं काम मडकं करतं. पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या शेंगा भरायच्या, मध्ये अंडी, बटाटे, कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. शेतावर रात्रीचा वारा झोंबत असतो, पण आतली वाफ हलत नाही. झालं की नाही हे बघायला माझे काका जळत्या मडक्यावर पाण्याचा हबका मारायचे. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं, की काठीने मडकं बाहेर.

गेल्या डिसेंबरात मी आजोबांच्या शेगडीत पोपटी लावली. भांबुर्डी इथे मिळत नाही, म्हणून गोठवलेली केळीची पानं. शेंगा भारतीय दुकानातल्या. आजोबा टोपी कानांवर ओढून शेजारी उभे. झालं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी पाण्याचा तांब्या आणायला वळलो, आणि थांबलो. बर्फ पडायला लागला होता. झाकणावर पहिला कण टेकला, चर्र झालं आणि तो उडून गेला.