अल्जीअर्स

अल्जीरियाची राजधानी, त्या देशातील सर्वांत मोठे शहर व भूमध्य समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर. हे शहर 36° 47' उत्तर अक्षांश व 3° 4' पूर्व रेखांशावर, एका विस्तीर्ण अर्धचंद्राकृती उपसागराच्या पश्चिम अंगास वसले असून, त्याच्या पाठीशी साहेल नावाच्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे मितिजाचे सुपीक मैदान पसरलेले आहे. 2008 च्या जनगणनेत अल्जीअर्स विलायेची, म्हणजे प्रांताची, लोकसंख्या सुमारे 30 लक्ष भरली. अरबी भाषेत शहराला ‘अल-जझाइर’ म्हणजे ‘बेटे’ असे म्हणतात. ज्या खडकाळ बेटांवरून हे नाव पडले ती सोळाव्या शतकातच धक्क्याच्या बांधकामात सामावली गेली.

या जागी प्रथम फिनिशियनांची व्यापारी वखार होती. 1940 मध्ये बंदरालगतच्या भागात सापडलेल्या प्युनिक नाण्यांवर तिचे ‘इकोसिम’ हे नाव आढळते. रोमनांनी त्याचे ‘इकोसियुम’ केले आणि सम्राट व्हेस्पेझियनने नगरास लॅटिन नागरी हक्क दिले. तथापि रोमन अमदानीत किनाऱ्यावरचे खरे वैभव पश्चिमेकडील सीझरियाचे (आजचे शेर्शेल) होते, इकोसियुमचे नव्हे. पुढील काही शतकांत हे गाव जवळजवळ विस्मृतीत गेले. दहाव्या शतकाच्या मध्यास झीरी घराण्यातील बुलुग्गीन इब्न झीरी याने बनी मझघन्ना या बर्बर टोळीच्या मुलखातील या अवशेषांवर नवे नगर वसविले, आणि आजच्या शहराची परंपरा खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. अल्मोराव्हिद राजवटीत बांधलेल्या थोरल्या मशिदीतील प्रवचनपीठावर 1097 हे साल निघते. तिचा मिनार मात्र चौदाव्या शतकात त्लेमसेनच्या सुलतानाने उभारला. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत हे एक मध्यम प्रतीचे व्यापारी बंदरच राहिले आणि आपला कारभार ते आसपासच्या अरब टोळीच्या शेखांच्या छत्राखाली बहुतांशी आपणच पाहत असे.

1492 मध्ये ग्रानाडा पडल्यावर अंदालुसियातून परागंदा झालेले मुसलमान व यहुदी कारागीर, माळी आणि दर्यावर्दी या किनाऱ्यावर आले, व त्यांच्या पाठोपाठ स्पेनचे आरमारही आले. 1510 मध्ये स्पॅनिशांनी बंदरासमोरच्या, किनाऱ्यापासून सुमारे 300 मीटरवरील बेटावर ‘पेन्योन’ नावाचा किल्ला बांधला आणि त्याच्या तोफांच्या माऱ्याखाली शहराला खंडणी भरणे भाग पाडले. या जाचातून सुटका व्हावी म्हणून शहराच्या शेखाने, सालिम अत्-तूमी याने, 1516 मध्ये अरूज व खैरुद्दीन या बार्बारोसा म्हणून विख्यात असलेल्या दर्यावर्दी बंधूंना पाचारण केले. परंतु मदतीस आलेल्या अरूजने थोड्याच दिवसांत या शेखाचाच काटा काढून सत्ता बळकावली. अरूज 1518 मध्ये स्पॅनिशांशी लढताना मारला गेला. खैरुद्दीन अधिक धोरणी होता. स्वतःच्या बळावर शहर राखणे अशक्य आहे हे ओळखून त्याने ऑस्मानी सुलतानाचे मांडलिकत्व पत्करले आणि सुभेदारीची सनद, तोफखाना व जॅनिसरींची फौज मिळविली. 1529 मध्ये त्याने पेन्योन जिंकला, तो पाडला, आणि त्याच दगडांनी बेटे एकमेकांना व किनाऱ्याला जोडणारा धक्का बांधून काढला. बेटांच्या आडोशाचे उघडे नांगरस्थान जाऊन अल्जीअर्सला सुरक्षित बंदर लाभले ते या धक्क्यामुळे. पुढील तीनशे वर्षांचा सारा इतिहास त्याच्यावर उभा आहे.

1541 च्या ऑक्टोबरात सम्राट पाचव्या चार्ल्सने प्रचंड आरमारासह शहराला वेढा घातला, तेव्हा किल्लेदारी सार्डिनियात जन्मलेल्या व पुढे मुसलमान झालेल्या हसन आगाकडे होती. वादळाने सम्राटाची शंभरावर गलबते फोडली आणि मेक्सिकोविजेता एर्नान कोर्तेस ज्या सैन्यात होता ते सैन्य चिखल तुडवीत माघारी फिरले. या विजयाने अल्जीअर्स अजिंक्य असल्याची समजूत दोन्ही किनाऱ्यांवर रूढ झाली.

ऑस्मानी काळातील राज्ययंत्र मोठे विलक्षण होते. प्रथम बेलरबे म्हणजे सुभेदार, 1587 नंतर तीन-तीन वर्षांसाठी नेमलेले पाशा, 1659 पासून जॅनिसरींचे आगा आणि 1671 पासून ‘डे’ या बिरुदाचे निवडलेले प्रमुख, असे सत्तेचे हस्तांतर होत गेले, व इस्तंबूलचे अधिपत्य खुतब्यापुरते आणि नजराण्यापुरते उरले. खरी सत्ता ‘ओजाक’ म्हणजे शिबंदीच्या दिवाणात आणि ‘रईस’ म्हणजे गलबतांच्या कप्तानांच्या संघात वाटलेली असे, आणि या दोहोंच्या ओढाताणीत अनेक डे मारेकऱ्यांच्या हातून मेले. शिबंदीची भरती अनातोलियातून होई. शिपायांना स्थानिक स्त्रियांपासून झालेल्या ‘कुलोगली’ संततीसही वरिष्ठ अधिकारांपासून दूर ठेवले जाई. शहरातील मूळ रहिवासी व्यापार करीत, कर भरीत, काझीपुढे दाद मागत. राज्यकारभारात मात्र त्यांचा शब्द चालत नसे. समुद्रावरील लूट व कैद्यांची खंडणी यांवरून युरोपीय इतिहासकारांनी या राज्याला निव्वळ चाचेगिरीचे आगर ठरविले आहे, तो न्याय एकांगी आहे. कारण माल्टाचे सरदार व लिव्होर्नोचे व्यापारी मुसलमान कैद्यांचा हाच व्यवहार त्याच समुद्रावर आणि तितक्याच निर्धास्तपणे करीत होते. अल्जीअर्सच्या कैद्यांपैकी सर्व्हान्टेस हा लेखक 1575 मध्ये पकडला गेला, चार वेळा पळून जाण्याचा प्रयत्न करून फसला, आणि खंड भरून 1580 मध्ये सुटला.

सतराव्या शतकात शहर भरभराटीच्या शिखरावर होते. बंदराजवळ हनफी पंथीयांसाठी 1660 मध्ये बांधलेली नवी मशीद आणि चढावर एकमेकांना खेटून असलेली, मध्ये चौक व वर गच्च्या असलेली कस्बा म्हणजे जुन्या शहरातील घरे त्या काळाची साक्ष देतात. फ्रेंच आरमाराने 1682, 1683 व 1688 मध्ये शहरावर बाँबगोळ्यांचा भडिमार केला. 1683 च्या हल्ल्यात संतप्त लोकांनी फ्रेंच वाणिज्यदूत ल व्हाशे याला तोफेच्या तोंडी दिले. ‘बाबा मर्झूग’ नावाची ती तोफ फ्रेंचांनी 1830 मध्ये उचलून नेली आणि ती अद्याप ब्रेस्टच्या गोदीत उभी आहे. अठराव्या शतकात लुटीचे उत्पन्न घटले, गव्हाची निर्यात व लहान राष्ट्रांकडून मिळणारी खंडणी यांवर खजिना चालू लागला. 1795 च्या तहाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीही खंडणी कबूल केली. त्या देशाने 1794 मध्ये जे आरमार उभारण्यास घेतले त्याचे निमित्त अल्जीअर्सच होते. 1816 मध्ये लॉर्ड एक्समथच्या इंग्रज-डच आरमाराने बंदर उद्ध्वस्त केले.

फ्रेंच स्वारीचे कारण मात्र समुद्रावर नव्हे, हिशेबाच्या वह्यांत शोधावे लागते. 1790 नंतरच्या दशकात बाक्री व बुस्नाक या यहुदी पेढ्यांमार्फत फ्रान्सला पुरविलेल्या धान्याचे पैसे थकले होते. त्याविषयी एप्रिल 1827 मध्ये हुसेन डे व वाणिज्यदूत द्यव्हाल यांची बोलाचाली झाली आणि डेने हातातला पंखा त्याला मारला. तीन वर्षांच्या नाकेबंदीनंतर 14 जून 1830 रोजी सुमारे 37,000 फ्रेंच सैनिक सिदी फ्रेज येथे उतरले, व 5 जुलै रोजी शहर शरण आले. खजिन्यातून अधिकृत मोजणीप्रमाणे सुमारे 4 कोटी 80 लक्ष फ्रँक निघाले. मूळ थकबाकीच्या मानाने ही वसुली भलतीच उलट दिशेची होती. शरणागतीच्या करारात धर्म व मालमत्ता यांस धक्का न लावण्याचे वचन होते. तरीही 1832 मध्ये केचावा मशीद ताब्यात घेऊन तिचे ख्रिस्तमंदिर केले गेले, वक्फच्या मिळकती सरकारजमा झाल्या, आणि कस्बाचा खालचा भाग पाडून तेथे कवायतीचे मैदान केले. 1860 नंतर समुद्रकाठी कमानींवर उचललेला जो प्रशस्त रस्ता झाला, तो बोटीतून येणाऱ्याला शहराचे देखणे रूप दाखवतो खरा. पण जुन्या शहराचा समुद्राशी असलेला संबंध त्यानेच तोडला. पुढे मुसलमान रहिवासी वर कस्बात व उपनगरांतील झोपड्यांत, युरोपीय वस्ती खाली व दक्षिणेस, अशी विभागणी पक्की झाली. लेखक आल्बेर काम्यू याचे बालपण बेलकूर या गरीब वस्तीत गेले.

नोव्हेंबर 1942 मध्ये दोस्त सैन्ये येथे उतरली, व जून 1943 पासून द गॉलच्या स्वतंत्र फ्रान्सचे सरकारच या शहरात नांदले. ज्या शहरातून फ्रान्सच्या मुक्तीचा कारभार चालला, त्याच शहराच्या रहिवाशांना ती नाकारण्यात आली, हा विरोधाभास तेथील तरुणांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नाही. नोव्हेंबर 1954 मध्ये मुक्तियुद्ध पेटले. 1956 च्या ऑगस्टात कट्टर युरोपीयांनी कस्बात स्फोट घडविला, सप्टेंबरअखेर मुक्तिसेनेच्या स्त्रियांनी युरोपीय उपाहारगृहांत बाँब ठेवले, आणि जानेवारी 1957 मध्ये जनरल मास्यूच्या छत्रीधारी पलटणीला पोलिसी अधिकार देण्यात आले. छळाच्या मार्गाने मिळविलेल्या माहितीवर त्या वर्षअखेर मुक्तिसेनेची शहरातील संघटना मोडली गेली. लष्करी यश संपादून नैतिक व राजकीय बाजी हरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आधुनिक काळात क्वचितच सापडेल. 13 मे 1958 च्या युरोपीय उठावाने पॅरिसचे चौथे प्रजासत्ताक कोसळले आणि एप्रिल 1961 मध्ये सेनापतींचे बंड येथेच फसले. स्वातंत्र्यदिन म्हणून 1830 च्या शरणागतीचीच तारीख, 5 जुलै (1962), निवडण्यात आली. त्या उन्हाळ्यात युरोपीय वस्ती जवळजवळ सगळी निघून गेली, जाताना कट्टरांनी विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. रिकाम्या सदनिकांत कस्बातील व खेड्यांतील कुटुंबे येऊन राहिली, आणि केचावा पुन्हा मशीद झाली.

1973 ची अलिप्त राष्ट्रांची परिषद, ऑक्टोबर 1988 ची दंगल, त्यानंतरचे यादवीचे दशक, नोव्हेंबर 2001 चा बाब-अल-वेदमधील शेकडो बळी घेणारा महापूर व 2019 ची शुक्रवारची निदर्शने या येथील अलीकडील प्रमुख घटना होत. शहराची वाढ आता उपसागराच्या कडेने पूर्वेस चालली असून तेथे सुमारे 265 मीटर उंच मिनाराची भव्य मशीद उभी राहिली आहे. कस्बास 1992 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु एकेका हवेलीत अनेक कुटुंबे, वारसांत विभागलेली मालकी व पावसाळ्यात खचणाऱ्या भिंती यांमुळे तेथील दुरुस्तीचे काम रखडत चालते, आणि पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा उतारावर जागोजाग दिसतात.